बिडी सोडली म्हणून संशय

मंडळी, सकाळपासून एक खोकला कानातून जात नाहीये.

मी सुरतमध्ये एचआयव्ही उपचार केंद्रात समुपदेशक आहे. आज एक भाऊ गोळ्या न्यायला आले होते. नाव सांगत नाही. धुळ्याकडचे, इथेच उधन्याला कापडाच्या लूमवर काम करतात, गावच्याच चौघांबरोबर एका खोलीत राहतात. गोळी कधी चुकवत नाहीत. माझ्या सांगण्यावरून महिन्यापूर्वी त्यांनी बिडीही सोडली होती. आज मात्र शर्टाला पुन्हा तोच वास होता.

"ताई, बिडी सोडली तर खोलीतले विचारायला लागले. कोणत्या डॉक्टरने सांगितलं? तुला झालंय काय? एकाने माझी पिशवीपण उघडून पाहिली. नशीब, गोळ्या कामावर ठेवल्या होत्या. मग भीतीने त्याच्यासमोरच पेटवली."

बोलता बोलता त्यांना खोकला आला. रुमाल त्यांनी घाईने मुठीत दाबला, पण लाल डाग मला दिसला. मी त्यांना लगेच डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे काढला, टीबीच्या शंकेने थुंकी तपासायला दिली. रिपोर्ट उद्या येईल.

जाताना ते हळूच म्हणाले, "खराब आला तर खोलीवर काय सांगू?"

तुमच्या सोबतच्या कुणी अचानक बिडी सोडली, तर तुम्ही त्याला काय विचारता?