घरच्याच दुकानातले सहा लॅपटॉप

काही घरांत जुन्या लग्नपत्रिका साठतात, काहींत रिकाम्या बरण्या. आमच्या स्टाफरूममध्ये किस्से साठतात. कुणी मुद्दाम साठवत नाही, मधल्या सुट्टीत डबे उघडले की आपोआप निघतात. पण गेल्या दसऱ्यापासून जे साठलेत ना, त्या प्रत्येकात मी आहे. आणि एकातही शहाणा नाही!

मी माने. लोणंदजवळच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. आमच्यातल्या सहा जणांना लॅपटॉप घ्यायचे होते. सगळे पुण्याला निघाले होते, तेवढ्यात माझी जीभ वळवळली. माझा मेव्हणा किरण, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्यानं सांगलीत नवीनच दुकान टाकलं होतं.

"पुण्याला कशाला मरायला जाता? घरचंच दुकान आहे! काही झालं तर मी बसलोय ना इथं!"

हे शेवटचं वाक्य बोलायला मला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. नुसती खुमखुमी!

दुकानात खरात सरांनी बिलाचं विचारलं, तर मी त्यांचा हात दाबला. "अहो सर, घरच्या माणसाकडं बिल मागायचं? बरं दिसतं का ते?"

सरांनी पैसे मोजले. मग सगळ्यांनीच मोजले. माझ्या शब्दावर सहा लॅपटॉप बिनबिलाचे लोणंदला आले.

* * *

पहिला मान शिंदे मॅडमचा. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. घराघरात कोयते-खुरपी, आणि शाळेत खडू, डस्टर, कंपास. यंदा लॅपटॉपही पूजेला मांडायचं ठरलं होतं.

मॅडमनी स्टाफरूममध्ये लॅपटॉप उघडला, तर स्क्रीनच्या बरोब्बर मधोमध एक लालभडक ठिपका.

"सर, हे काय असावं?"

मी लांबूनच हसलो. "अहो मॅडम, कुंकू उडालंय पूजेचं! थांबा."

रुमाल काढला, पुसलं. जाईना. स्क्रीनवर हा करून वाफ सोडली, पुन्हा पुसलं. जाईना. सगळा स्टाफ भोवती गोळा झालेला. मग मी नखानं हळूच खरवडायला लागलो. मॅडम मराठी शिकवतात, आवाज कधी चढत नाही. अगदी हळू म्हणाल्या,

"सर, आमची पूजा उद्या आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो ठिपका अजून आहे. मॅडम त्याच्याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत, आणि मला तेच सोसवत नाही.

* * *

खरात सरांचं तसं नाही. सर आटपाडीकडचे. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली, पोरगा गणिताचा मास्तर झाला. बोलणं एक घाव दोन तुकडे. त्यांच्या लॅपटॉपची बिजागरी आठवड्याभरातच गेली. स्क्रीन जी मागं पडायची, ती पडूनच राहायची.

मी सगळ्यांसमोर किरणला फोन लावला. वर शहाणपणा म्हणून स्पीकरवर टाकला!

"दाजी, उघडताना जोर लावला असंल त्यांनी," किरण म्हणाला.

सर फोनवर वाकले. "आवं पाव्हणं, लॅपटॉप हाय का शाळंचं गेट? जोर किती लावायचा त्ये खोक्यावर लिवायचं हुतं की!"

शेवटी सरांनी गावाकडनं लोकरीची दोरी आणली आणि स्क्रीन दोरीनं बांधून उभी केली. तसाच लॅपटॉप घेऊन आम्ही दोघं साताऱ्याला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर गेलो. काउंटरवरच्या बाईंनी दोरी बघितली आणि म्हणाल्या, "बाहेर रिपेअर केलेलं दिसतंय. वॉरंटी मिळणार नाही."

"आवं बाई, रिपेअर झालं असतं तर दोरी कशाला बांधली असती?"

हे बाईंना पटलं. "बरं, मग बिल दाखवा."

सरांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं हो! मी तिथनंच किरणला फोन केला. तर म्हणे, "दाजी, आता मागल्या तारखेचं बिल मशीन काढत न्हाई." येताना स्टँडवर सरांनी स्वतः होऊन मला चहा पाजला. दोन शिव्या दिल्या असत्या तर घशाखाली उतरल्या असत्या, तो चहा उतरेना.

* * *

आता हेडसर. त्यांच्या लॅपटॉपचं बाकी सगळं ठीक, फक्त चार्जिंगची पिन ढिली. कुणीतरी पिन तिरकी दाबून धरली तरच चालायचा, नाहीतर बंद. बॅटरी म्हणाल तर नावाला.

नेमकी शाळा तपासणी आली. साहेबांना पडद्यावर शाळेची माहिती दाखवायची होती. हेडसरांनी मला बाजूला घेतलं. "माने सर, काही झालं तर तुम्ही आहात म्हणाला होता ना? मग धरा!"

धरली. टेबलाखाली उकिडवा बसून धरली. वर शाळेचा निकाल, वृक्षारोपण, सायन्स प्रदर्शन चाललेलं, आणि खाली माझ्या पायाला मुंग्या. मधेच साहेबांचं पेन पडलं. ते उचलायला वाकले आणि आमची नजरानजर झाली.

"हे कोण?"

"आमचे भूगोलाचे शिक्षक," हेडसर म्हणाले, आणि पुढची स्लाइड लावली.

* * *

आमचे क्लार्क म्हणजे जाधव भाऊसाहेब. मिलिटरीतनं सुभेदार होऊन आलेले. त्यांच्या लॅपटॉपचा फॅन पिठाच्या गिरणीसारखा वाजायचा. ऑफिसात फोन आला की ते आधी लॅपटॉप बंद करायचे, मग हॅलो म्हणायचे.

एक दिवस ते भडकले. "तुम्ही सगळे मास्तर नरम! मी जातो सांगलीला. डायरेक्ट अ‍ॅक्शन!" मिशीला पीळ देऊन गेले. आम्ही सगळे वाट बघत बसलो. मनातनं म्हणालो, होऊ दे एकदाचं, निदान माझ्या मानगुटीवरचं भूत उतरेल.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब आले. काखेत तोच लॅपटॉप, हातात भडंगाचं पुडकं.

"काय झालं?"

"लय चांगला माणूस हाय वो तुमचा मेव्हणा! दाजींच्या शाळेचं पाव्हणं म्हणून घरी न्हेलं, जेवू घातलं. खाल्ल्या घरी भांडायचं कसं?"

किरणची ही रीतच आहे. आलेल्याला पाहुणा करून टाकायचं. पाहुणा तक्रार करत नाही, उलट निघताना त्यालाच संकोचल्यासारखं होतं. पाचवा लॅपटॉप पी.टी.च्या सरांचा, त्याचा अर्धा कीबोर्ड मेलेला; त्यानंतर ते गेले, आणखीही कोण कोण गेले, पण जो जो सांगलीला गेला, तो भडंग घेऊनच परत आला. आमच्या स्टाफरूमला त्या महिन्यात भडंगाची कमी पडली नाही.

* * *

सर्वांत वाईट गोष्ट अजून सांगितलीच नाही. सहापैकी एक लॅपटॉप धड निघाला. अगदी दृष्ट लागण्यासारखा.

माझा!

आता हे कुणाला सांगायचं? कुणीही म्हणणार, मेव्हण्यानं दाजीला निवडून दिला. म्हणून मी स्टाफरूममध्ये तो उघडायचो आणि मुद्दाम कपाळाला हात लावायचो. "गेला बघा परत! काय कटकट आहे!" असं म्हणून वरनं एक चापट मारायचो. शिंदे मॅडमना तर माझी कीव यायला लागली होती.

एकदा असाच चापट मारून हात धुवायला गेलो. आलो तर खरात सर माझ्या लॅपटॉपवर नववीचे गुण भरत बसलेले. झरझर चाललेलं काम.

"माने, ह्यो तर पळतोय की रं," सर म्हणाले. "का मारतोस त्येला उगाच?"

अख्खी स्टाफरूम माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "कधी कधी चालतो." माझंच मला ऐकवेना.

* * *

मग मात्र मी ठरवलं. पाचही लॅपटॉप एका मोठ्या बॅगेत भरले आणि सांगितलं, "आता बदलून घेतल्याशिवाय शाळेत तोंड दाखवणार नाही." भाऊसाहेबांनी बॅग रिक्षापर्यंत आणून दिली.

घरनं निघताना सुमन म्हणाली, "अहो, सांगायचं ते सांगा. पण गिऱ्हाईकांसमोर माझ्या भावाचा पाणउतारा करू नका. नवं दुकान आहे त्याचं." बायकोचं काय चुकलं? मी तिलाही शब्द दिला. शब्द द्यायला आपल्याला काय लागतं!

रेल्वेनं सांगलीला उतरलो. खांदा भरून आला होता. रस्ताभर वाक्यं घोकत होतो: किरण, नातं नात्याच्या जागी, व्यवहार व्यवहाराच्या जागी.

दुकानात पाऊल टाकलं आणि किरण उठून उभा राहिला. "आवं दाजी! या की! बसा, बसा!" रुमालानं खुर्ची पुसली. चहा सांगितला. मी बॅग पायाशी ठेवली, घसा खाकरला आणि "किरण, नातं..." म्हणालो, एवढ्यात गिऱ्हाईक आलं.

वाळव्याकडचे कुणी ऊसवाले होते. पांढरी टोपी, बरोबर मुलगी. इंजिनिअरिंगला नंबर लागला होता तिचा. किरणनं लॅपटॉप दाखवला. तोच. तीच कंपनी, तोच रंग.

त्यांनी तो हातात घेऊन उलटापालटा केला. "आमाला ह्यातलं काय कळतंय? टिकंल का वो?"

"मला कशाला विचारता?" किरण म्हणाला. "हे आमचे दाजी. हायस्कूलला शिक्षक आहेत. त्यांच्या शाळेत सहा घेतलेत!"

ते माझ्याकडं वळले. टोपी नीट केली. "गुरुजी, तुमी शिकवणारी मान्सं. तुमीच सांगा. तुमच्याकडं ह्योच हाय?"

"हाच."

"कसा चालतोय?"

किरण माझ्याकडं बघत होता. ती मुलगीही. चहावाल्यानं माझ्या हातात कप दिला. मी म्हणालो,

"माझा तर एकदम छान चालतो."

"बास! गुरुजींनी सांगितलं म्हंजी झालं. घे बाळ. आन् पड त्यांच्या पाया."

मुलगी वाकली, पण मधे बॅग होती. तिनं ती दोन्ही हातांनी ढकलून बाजूला केली.

"अगं बाई! लय जड हाय की," ती हसून म्हणाली. "काय हाय सर ह्यात?"

"पुस्तकं," मी म्हणालो.