तिच्या वाट्याचं मराठी

निवृत्त झाल्यावर माझ्या गळ्यात दोन कामं पडली. ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायचा आणि दर बुधवारी सकाळी लेकीला लायब्ररीत न्यायचं. बायको अजून नोकरी करते, त्यामुळे कुरकुरीला वाव नव्हता. लेक अठ्ठावीस वर्षांची आहे. तिला डाउन सिंड्रोम आहे. शाळा संपली की अशा मुलांना घराबाहेर जायला फारशी ठिकाणंच उरत नाहीत. शिकागोच्या पश्चिमेला आमचं गाव आहे, तिथल्या लायब्ररीनं तेवढी एक जागा राखून ठेवली आहे. वयानं मोठी पण शिकायला, बोलायला जास्त वेळ लागणारी माणसं तिथे गोल करून बसतात, पाळीपाळीनं मोठ्यानं वाचतात आणि पुस्तक आवडलं की नाही यावर कडाकडा भांडतात. ज्याला वाचायचं नसेल त्यानं ‘पास’ म्हणायचं. कोणी कोणाची चूक काढत नाही.

सोबत आलेल्यांना नियम एकच. भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं.

हा नियम मला पहिल्या दिवसापासून खुपला. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यावर मी आयुष्यभर पगार घेतला, ती सवय काही रिटायर होत नाही. लेक एखाद्या शब्दावर अडली की माझा जीव खाली-वर व्हायचा. ती खो-खो हसली, शेजारच्याचा हात धरून बसली, की माझे कान तापायचे. मग मी एक पळवाट काढली. ओठ फारसे न हलवता, भिंतीजवळून हळूच तिला मराठीत दोन शब्द ऐकवायचे. इथे आपले लोक हे सर्रास करतात. दुकानात, लिफ्टमध्ये, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये समोरच्याच्या देखत बिनधास्त मराठीत बोलतात. कोणाला कळणार आहे? लेकीला कळायचं. ती लगेच गप्प व्हायची. ग्रंथपाल बाई माझ्याकडे बघून हसायच्या. बाप काहीतरी लाडाचं बोलतोय असं त्यांना वाटत असणार, आणि मीही तो गैरसमज दूर करायला गेलो नाही.

महिन्यातून एकदा गटातला कोणीतरी बाकीच्यांना काहीतरी शिकवतो. त्या दिवशी घरच्यांना आणि ओळखीच्यांना बोलावता येतं. एकानं पत्ते पिसायला शिकवलं होतं. एका वयस्कर गृहस्थांना बोलता येत नाही. ते टॅब्लेटवर एकेक अक्षर टाइप करतात आणि टॅब्लेट त्यांच्या वतीनं बोलतो. त्यांनी सगळ्यांना आपल्या टॅब्लेटचे वेगवेगळे आवाज ऐकवून मनसोक्त हसवलं होतं. लेकीची पाळी आली तेव्हा तिनं गाडीत जाहीर केलं, “आय अॅम टीचिंग मराठी.”

“अगं, बट यू डोन्ट नो मराठी,” मी म्हणालो.

“आय नो लॉट्स.”

मला हसू आलं. ती तीन वर्षांची असताना तिला बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्टनं आम्हाला सांगितलं होतं, घरात एकच भाषा ठेवा, दोन भाषांनी पोरीचा गोंधळ होईल. हल्ली म्हणे असं सांगत नाहीत. पण आम्ही पडलो आज्ञाधारक. त्या दिवसापासून झोपतानाची गोष्ट इंग्लिशमध्ये, लाड इंग्लिशमध्ये, बूट स्वतः घातले की टाळ्या वाजवून ‘गुड जॉब’ म्हणायचं तेही इंग्लिशमध्ये. पुण्याच्या पेठेत वाढलेले आम्ही दोघं रात्री पोरीच्या उशाशी बसून परक्या भाषेत अंगाई म्हणत होतो. तेव्हा मराठी तिच्यापर्यंत पोचलंच नाही अशी माझी ठाम समजूत होती; भिंतीजवळचे ते दोन शब्द मी त्यात धरलेच नव्हते.

म्हणून तिचा तास मी ताब्यात घेतला. किल्ले, गणपती, पुरणपोळी अशा चित्रांचं झकास प्रेझेंटेशन बनवलं. लेकीनं फक्त बटण दाबायचं आणि ‘नमस्कार’ म्हणायचं. पंधरा दिवस तिच्याकडून घोटून घेतलं. त्यातच बायकोनं मराठी मंडळातल्या एका काका-काकूंना बोलावलं. “लेक काय करते ते दिसू दे की चार लोकांना,” ती म्हणाली. मंडळाच्या कार्यक्रमाला आम्ही नेहमी दाराजवळच्या रांगेत बसतो, म्हणजे वेळ आली तर लेकीला घेऊन चटकन निघता येतं. आता त्याच लोकांसमोर ती उभी राहणार होती. शोभा होऊ नये एवढीच माझी धडपड. ही धडपड तिच्यासाठी आहे असं मी स्वतःला सांगत होतो.

बुधवारी मी लॅपटॉपची वायर जोडत होतो, तेवढ्यात लेक आली. “नो, बाबा. यू सिट देअर.”

मी ग्रंथपाल बाईंकडे पाहिलं. “तिनं तासाचं सगळं आधीच ठरवलंय, मला सांगूनही झालंय,” त्या म्हणाल्या. “तुम्ही निवांत बसा.” मी रजा काढून आलेल्या बायकोच्या आणि काका-काकूंच्या मधे जाऊन बसलो. निवांत कसला.

लेकीनं जांभळा कुर्ता घातला होता. तिनं गोलाकडे एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, “रिपीट आफ्टर मी. नीट बस!”

“नीट बस!” सगळे ओरडले. तिनं पाठ ताठ करून दाखवली, सगळ्यांनी केली. आमची रांग हसली. काकांनी टाळी वाजवली. मलाही बरं वाटलं, म्हटलं चला, पोरीला काहीतरी येतंय.

“तोंड पूस!” सगळ्यांनी तोंडं पुसली.

“हळू बोल!”

“हात सोड!” हे शिकवताना तिनं शेजारच्या बाईचा हात हातात घेतला आणि झटकन सोडून दिला.

आमच्या रांगेतलं हसू विरलं. तिचं इंग्लिश बोलणं बोबडं आहे, निम्मे शब्द तोंडातच राहतात. पण हे शब्द खणखणीत येत होते. माझीच चाल, माझाच दाबलेला स्वर, शेवटच्या अक्षरावरचा माझाच झटका. पंचवीस वर्षं आम्ही तिच्यावर प्रेम इंग्लिशमध्ये केलं, तेही ठरवून, उच्चार सांभाळून. राग मात्र आपल्या भाषेत आपोआप बाहेर पडत राहिला. तिच्या वाट्याला आलेलं मराठी ते एवढंच होतं.

“पुरे आता!” ती म्हणाली. सगळे म्हणाले.

आणि मग, “लोक बघतायत!”

हे सगळ्यांना फार आवडलं. लांब होतं, म्हणायला मजा येत होती. त्यांनी ते आपणहून दोनदा, तीनदा म्हटलं, एकानं तर मांडीवर ठेका धरला. आमच्या गावच्या लायब्ररीत माणसं एका सुरात ‘लोक बघतायत’ म्हणत होती आणि मी खुर्चीत आक्रसत चाललो होतो. ग्रंथपाल बाईंनी हसत विचारलं, याचा अर्थ काय?

लेकीनं जरा विचार केला. “इट मीन्स वी गो टू द कार नाउ.”

गोल पुन्हा हसला. काकूंनी पर्स उघडली आणि त्यात काहीतरी शोधू लागल्या. काका छताकडे बघत राहिले. बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ते मला जास्त लागलं. त्या खोलीत आमच्याखेरीज ही भाषा कळणारी दोनच माणसं होती, ती आम्हीच घरून बोलावून आणलेली. लेकीमुळे त्यांच्यासमोर मान खाली जाईल म्हणून मी पंधरा दिवस झोप घालवली होती. मान खाली गेली, आणि ती माझ्याच शब्दांनी गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठून सांगावंसं वाटलं की अहो, मी वाईट बाप नाही, काळजीपोटी बोलतो. पण ती काळजी तिला कोणत्या भाषेत ऐकू गेली असती?

तेवढ्यात टॅब्लेटवाल्या गृहस्थांनी हात वर केला. ते टाइप करू लागले. सगळे नेहमीसारखे थांबले. मग टॅब्लेट बोलला, मराठीत ‘गुड जॉब’ला काय म्हणतात?

लेकीनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं आठवायचा मनापासून प्रयत्न केला. कपाळाला आठ्या पडल्या, बोटं हलली. “आय डोन्ट हॅव दॅट वन,” ती म्हणाली. मग एकदम उजळून माझ्याकडे वळली. या खोलीत तिनं मला आपणहून काही विचारण्याची ही पहिलीच वेळ.

“बाबा, डू वी हॅव दॅट वन?”

मी उभा राहिलो. शब्द अगदी ओठावर होता, माझ्या वडिलांनी पाठीवर थाप मारून मला कितीदा दिलेला. पण तो आतच अडकला, आणि जोर लावला तसा नको तेवढा मोठ्यानं बाहेर पडला.

“शाब्बास!”

लेक दचकली. खाली बसली. तिनं पाठ ताठ केली, बाहीनं तोंड पुसलं, हात मांडीवर ठेवले. गोलातली माणसं आनंदानं ओरडत होती, शाब्बास, शाब्बास. तिनं एकदा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खुर्चीच्या पाठीवरचा कोट ओढून घेऊन ती निमूटपणे घालू लागली.