रायफल चांगली होती

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, मुलांपाशी नाही, एकटा असतानासुद्धा तोंडातून पूर्ण वाक्य बाहेर पडू दिलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून सोपं जातंय का? असेलही. एक्याऐंशीव्या वर्षी एवढंच जमतंय.

रायफल घेतली तिथपासून सांगतो.

पनवेलात तेव्हा आमची भाताची गिरणी होती. रेल्वे अजून यायची होती. मुंबईला जायचं तर एसटीनं ठाण्यावरून वळसा घालायचा. मी सत्तावीस वर्षांचा, लग्नाला दोन वर्षं झालेली. कर्नाळ्याच्या पायथ्याशी आमचं भातशेत होतं. दाणा भरला की रानडुकरं खाली उतरायची आणि एका पहाटेत अर्धं खाचर लोळवून जायची. पिकाची राखण करायची म्हणून मी परवान्याचा अर्ज केला. कागदावर कारण तेच लिहिलं — आणि मनात? मनात मला रायफल हवी होती, बाकी काही नाही. गिरणीतल्या तुसानं भुवया पांढऱ्या झालेला माणूस मी रोज आरशात बघत होतो. खांद्याला रायफल लावून बाजारातून जाणारा माणूस मला व्हायचं होतं.

परवाना मिळाला. पण कुठली घ्यायची हे मला कुठं कळत होतं? तेव्हा मी नामदेव हवालदारांकडे गेलो.

हवालदार उरण रस्त्यावरच्या एका गावचे, आगरी. महायुद्धात ते फौजेच्या वर्कशॉपमध्ये होते, बंदुका दुरुस्त करायला. परत आल्यावर त्यांनी भाजीबाजाराच्या मागं एक खोपटवजा दुकान टाकलं. स्टोव्ह, कुलपं, शिवणयंत्रं असं काहीही ते दुरुस्त करत. पण आसपासच्या गावांतल्या परवान्याच्या सगळ्या बंदुका वर्षातून एकदा त्यांच्या हाताखालून जायच्या. पन्नाशीचा, काटकुळा माणूस. गळ्यात दोऱ्यानं बांधलेलं भिंग असायचं. बोलणं कमी.

ते माझ्याबरोबर मुंबईला आले. कोटातल्या, म्हणजे फोर्टमधल्या बंदुकांच्या दुकानात शिरल्या शिरल्या माझी नजर एका दुनळीवर गेली. चाप-घोड्यांच्या बाजूला चांदीचं नक्षीकाम, दस्ता आरशासारखा. मी ती उचलली. हवालदार म्हणाले, "डोले मिटा शेट. खांद्याला लावा. आता उघडा. माशी कुठं हाय?"

नळीच्या टोकावर नेम धरायला जो बारीक उंचवटा असतो, ती माशी. डोळे उघडले तेव्हा ती मला दिसेचना. खाली डावीकडे कुठंतरी होती.

"ही तुमची नाय," ते म्हणाले.

असं सात-आठ वेळा झालं. दुकानदार कंटाळला. शेवटी हवालदारांनी कोपऱ्यातून एक जुनी, साधी, दस्त्यावर चरे पडलेली रायफल काढली. मी डोळे मिटून ती खांद्याला लावली, उघडले, आणि माशी अगदी मी बघत होतो तिथंच होती. जणू ती आधीपासून तिथं उभी होती. हवालदारांनी मागचा सरकता बोल्ट काढला, काडतुसाच्या बुडावर आपटून ते फोडणारी आतली पिन भिंगाखाली धरली, नळीतून उजेड बघितला. सावकाश, पंधरा मिनिटं. मग म्हणाले, "पयल्या रायफलीनं मानसाला घाबरवू नये. हिचा धक्का खांदा इसरून जाईल. आतून एकदम चोख हाय."

मी ती घेतली. पण खरं सांगू? मला वाईट वाटत होतं. परतीच्या एसटीत मी त्या चांदीच्या फुलांचाच विचार करत होतो.

त्यांनी मला एक अट घातली होती. तीन महिने काडतूस घालायचं नाही. रोज सकाळी वीस वेळा रिकामी रायफल उचलायची, अंगठ्यानं सेफ्टी, म्हणजे चाप अडवून धरणारी कळ, सोडायची, चाप ओढायचा. "भीती वाटंल तवा डोकं चालत नाय," ते म्हणाले होते. "हातानं आपल्या आपन चाललं पायजे." तीन महिन्यांनी ते मला खाडीच्या बांधावर नेऊन डबे फोडायला शिकवणार होते.

मी बारा दिवस केलं. मग सोडून दिलं.

दिवाळीला माझा मेहुणा आला, वसंता. बायकोचा धाकटा भाऊ, बावीस वर्षांचा. फौजदाराच्या ट्रेनिंगला त्याची निवड झाली होती, महिन्याभरात जायचं होतं. उंच, चपळ, आमच्या ओटीवरून अंगणात तो पायऱ्या न वापरता उडी मारून उतरायचा. रायफल बघून त्याच्या डोळ्यांत जे आलं, ते मला फार आवडलं. "भावोजी, डुकरं उतरलीत म्हणे. जाऊ या की." मी हो म्हणालो. हवालदारांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते — म्हणूनच विचारलं नाही.

सकाळी चांगलं दिसायला लागल्यावर आम्ही शेतावर होतो. दोन गडी पलीकडून डबे वाजवत येणार, डुकरं आमच्या बाजूला बाहेर पडणार. मी बांधावर एका ऐनाच्या झाडाजवळ. वसंता माझ्या डावीकडे दहा पावलांवर, हातात नुसती काठी. त्याला मी म्हणालो होतो, तू निर्धास्त राहा, मी आहे.

पुढं काय झालं हे सगळ्या पनवेलला माहीत आहे. डुक्कर भातातून बाहेर आलं, मी नेम धरला, चाप ओढला, काडतूस फुटलं नाही, आणि डुकरानं वसंताची मांडी फाडली. असं मी सांगत आलो. इतक्या वेळा सांगितलं की मला ते दिसतंसुद्धा, चाप ओढणारं माझं बोट दिसतं.

पण मी चाप ओढला नाही.

डुक्कर बाहेर आलं तेव्हा वीस पावलांवर होतं. मी रायफल उचलली. माशी बरोबर जिथं हवी तिथं होती — त्या रायफलीनं तिचं काम केलं. मला त्याचा डोळा दिसला, लहान आणि ओला.  अंगठा सेफ्टीपर्यंत गेलाच नाही. मी एक पाऊल मागं घेतलं, मग दुसरं, आणि ऐनाच्या झाडामागं गेलो. रायफल छातीशी कवटाळून मी झाडाला पाठ लावून उभा होतो, तेव्हा वसंता ओरडला.

मी हललो म्हणून ते त्याच्याकडे वळलं का? मला माहीत नाही. विचार करकरून मला ते कधीच कळलेलं नाही.

मी बाहेर आलो तोवर डुक्कर रानात शिरलं होतं. गडी धावत आले. आम्ही वसंताच्या मांडीला धोतर गुंडाळलं, त्याला बैलगाडीत घातलं, सडकेवर एका ट्रकवाल्याला थांबवलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो शुद्धीवर होता. त्यानं विचारलं, "भावोजी, उडाली नाही का?"

मी म्हणालो, "काडतूस फुटलं नाही रे."

इथंच थांबलो असतो तर? घाबरलेल्या माणसाच्या तोंडून गेलेला एक शब्द म्हणून कदाचित तुम्ही मला सोडून दिलं असतं. पण त्याच दुपारी, वसंताला मुंबईच्या इस्पितळात हलवल्यावर, मी गिरणीत गेलो. दिवाळीमुळं गिरणी बंद होती. मी बोल्ट काढला, आतली पिन काढली, पक्कडीत धरून तिचं टोक मोडलं. मग कानशीनं घासून ते बोथट केलं. सकाळी सेफ्टीपर्यंतही न पोचलेला माझा अंगठा त्या वेळी अगदी नेमका चालत होता. सगळं परत जसंच्या तसं बसवलं.

दुसऱ्या दिवशी हवालदार स्वतःहून आले. बाजारात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. ओटीवर वडील होते, सासूबाई रडत होत्या, बायको त्यांना धरून बसली होती, चार शेजारी होते. हवालदार कुणाशी बोलले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "रायफल आना. काडतूस पन आना. जरा उजेडात बगतो."

आम्ही दोघंच मागच्या अंगणात विहिरीपाशी गेलो. त्यांनी काडतुसाचं बूड बघितलं, त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. मग पिन काढून भिंगाखाली धरली. किती वेळ धरली असेल? मला तो फार मोठा वाटला. त्यांनी भिंग खाली सोडलं.

"पक्कडीचे दात हायत यावर," ते म्हणाले. हळू आवाजात. "लोखंड आतून अजून चमकतंय. कालचंच हाय."

मी विहिरीच्या काठावर बसलो.

"भीती वाटली काय शेट?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली, हे मला नक्की आठवतं. त्या माणसापुढं मी तेवढं तरी कबूल केलं होतं.

ते म्हणाले, "मला बी वाटलीय. लय येला. त्याला कोन हसत नाय." मग पिन माझ्या तळहातावर ठेवली. "मी बोलनार नाय. तुमीच आत जाऊन सांगा. घरची मानसं हायत, आज रागावतील, उद्या नाय."

मला वाट दिली होती त्यांनी. चांगली सरळ वाट होती, वीस पावलांची, अंगणातून ओटीपर्यंत. मी ओटीवर आलो. सगळे माझ्याकडे बघत होते. सासूबाईंनी रडणं थांबवलं होतं. वडील म्हणाले, "काय म्हणतात हवालदार?"

आणि मी म्हणालो, "ते म्हणतात, पिन आधीच झिजलेली होती. घेताना त्यांच्या नजरेतून सुटलं."

हवालदार माझ्या मागं दारात उभे होते. मी वळून बघितलं नाही, पण ते तिथं आहेत हे मला कळत होतं. वडील त्यांना बोलले, फार बोलले. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या पोराचा पाय घेतलात तुम्ही." हवालदारांनी एक अक्षर काढलं नाही. त्यांनी शब्द दिला होता, बोलणार नाही असा, आणि तो पाळला. चपला घातल्या आणि गेले. मी त्यांचा चेहरा बघितला नाही. म्हणून तो कसा होता हे मला तुम्हाला सांगता येत नाही.

पुढचं भराभर झालं. वडिलांचं गावात वजन होतं. त्यांनी फौजदारांच्या कानावर घातलं. हवालदारांचा बंदूकदुरुस्तीचा परवाना पुढं वाढवला गेला नाही. लोक स्टोव्हसुद्धा दुसरीकडे न्यायला लागले. पावसाळ्याआधी ते दुकान बंद झालं आणि ते उरणला मुलीकडे राहायला गेले. मी काय केलं? वर्षभरानं मी ती जुनी रायफल देऊन टाकली आणि चांदीच्या फुलांची दुनळी आणली. लोक म्हणाले, आता कशी नामी बंदूक घेतलीत. तिनं मी कधी एक गोळी झाडली नाही.

एकदा हवालदार मला भेटले. सात-आठ वर्षांनी, उरणला एका लग्नाला गेलो होतो तेव्हा. बंदरावर एका मच्छीमाराच्या होडीचं इंजिन उघडून बसले होते, हात कोपरापर्यंत तेलानं काळे. मी पुढं जाऊ शकलो असतो, त्यांनी मला बघितलं नव्हतं. पण मी थांबलो — का थांबलो, ठाऊक नाही. त्यांनी वर बघितलं, ओळखलं. हात पुसले. विचारलं, "वसंतरावांचा पाय कसा हाय?"

"बरा आहे," मी म्हणालो.

"चालतात ना?"

"चालतो. थोडा लंगडतो."

त्यांनी मान डोलावली आणि परत इंजिनात हात घातला. मी आणखी थोडा वेळ उभा राहिलो. त्या वेळी आमच्या आसपास कुणी नव्हतं. मी जे बोलायला हवं होतं, ते ऐकायला फक्त तेच होते, आणि त्यांना ते आधीच माहीत होतं. तरीही बोललो नाही. नंतर कधीतरी ते गेल्याचं कळलं, तेही उडत उडत.

वसंताचा पाय दोन बोटं आखूड राहिला. फौजदारकी गेली. मी त्याला गिरणीत घेतलं, सगळे म्हणाले, भावोजींनी मेहुण्याला सांभाळलं. चाळीस वर्षं तो माझ्या समोरच्या टेबलाशी बसला. थंडीत मांडी ठणकायला लागली की तो हवालदारांच्या नावानं शिवी हासडायचा, आणि मी त्याला चहा मागवायचो.

वसंता गेल्या श्रावणात गेला. बाराव्याला जेवणं चालू असताना त्याच्या नातवानं विचारलं, आजोबांचा पाय कसा अधू झाला होता? सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिथं असलेला मीच एक उरलो होतो. माझ्या हातात वाढायचं भांडं होतं. ते मी खाली ठेवलं आणि सांगितलं — डुक्कर आलं, मी नेम धरला, चाप ओढला, काडतूस फुटलं नाही. कुणीतरी विचारलं, का नाही फुटलं?

मी हवालदारांचं नाव घेतलं.