वजन भरलं नाही

कसबा पेठेतल्या आमच्या अमृततुल्यात रोज सकाळी एक लढत होते. लढणारे दोघंही आता पंचाहत्तरीच्या पुढे गेलेत आणि प्रत्यक्षात ते एकमेकांसमोर कधीच उभे राहिले नाहीत. आम्ही दोन-चार म्हातारे मात्र बाकावर बसून, चहाचा ग्लास हातात धरून त्यांना लढवत असतो.

आमच्या तरुणपणी शहरात ज्यांना हेवीवेट बॉक्सर म्हणावं असे दोनच होते, आणि दोघंही याच भागातले. एक तांबट, माझा शाळेपासूनचा मित्र. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके पाडायचे, त्याला मठारकाम म्हणतात. ते त्याच्या घरचं काम. त्यामुळे त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा मोठा दिसायचा, शर्ट एका बाजूला ओढल्यासारखा बसायचा. दुसरा बेकरीवाला. त्याची बेकरी तांबट आळीच्या तोंडाशी होती, अजून आहे. पहाटेपासून मैदा मळून त्याचे दोन्ही हात सारखे भरलेले, आणि दम असा की तिसऱ्या फेरीतही तोंड मिटून श्वास घ्यायचा.

बाकावरची चर्चा साधारण अशी चालते. घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, ते तांबटाच्या बाजूचे. ते म्हणतात, "त्याचा उजवा बसला असता ना, तर बेकरीवाला थेट भट्टीत."

निवृत्त पोस्टमास्तर त्यांच्या विरुद्ध. "बसला असता तर. भांडं थांबतं, घड्याळजी. माणूस थांबत नाही."

"तुमची पत्रं थांबायची तशी?"

मग दोघं माझ्याकडे वळतात. "काय पेपरवाले, तुमचं मत?" कारण एके काळी मी एका स्थानिक दैनिकासाठी खेळांच्या बातम्या लिहीत असे. ते दैनिक कधीच बंद पडलं, पण नाव मला चिकटलं ते चिकटलंच. मी काहीतरी गुळमुळीत बोलतो. पोहोच, पायांची हालचाल, दम. आणि शेवटी पोस्टमास्तर नेहमीचं वाक्य टाकतात: "वाद हवाय कशाला? तांबट उतरलाच नसता. तेव्हा उतरला का?"

सगळे हसतात. मीही हसत आलो. पन्नास वर्षं होत आली.

शहराच्या स्पर्धेची अंतिम लढत या दोघांची ठरली होती. ती झाली नाही. बेकरीवाल्याला न लढता विजेता ठरवलं गेलं आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दोन ओळी आल्या: 'हेवीवेट गटात प्रतिस्पर्ध्याने माघार घेतल्याने' वगैरे. त्या दोन ओळी मी लिहिल्या होत्या.

माघार हा शब्द आमच्या पेठेत हलका नाही. दुसरीकडे निवडणुकीतला उमेदवारही माघार घेतो आणि कुणाला काही वाटत नाही. इथे माणसं अजून जुन्या लढायांमधल्या माघारींवरून एकमेकांशी बोलणं टाकतात. महिन्याभरात तांबटाचं नाव माघारराव पडलं. पोरं त्याच्या दुकानावरून जाताना उलटं चालत जायची. त्याने बॉक्सिंग सोडलं. पुढे दुकान भावाकडे देऊन तो मुलाबरोबर वारज्याला राहायला गेला आणि पेठेत येणं जवळजवळ थांबलं.

आता खरं काय ते सांगतो. त्याने माघार घेतली नव्हती. सकाळी तो वजनाला आला होता, काट्यावर उभा राहिला होता आणि वजन कमी भरलं. इतर गटांत बॉक्सर उपाशी राहून वजन उतरवतात, कारण त्यांना वरची मर्यादा असते. हेवीवेटला वरची मर्यादा नाही, खालची आहे. तो तिच्या खाली गेला, म्हणून बाद झाला. हे स्पर्धेच्या सेक्रेटरींनी मला संध्याकाळीच सांगितलं होतं. मी बातमी लिहिली ती हे ऐकल्यानंतर.

तरी माघार का लिहिलं? कारण त्याच दिवशी सकाळी माझं भविष्य छापून आलं होतं. तांबट दुसऱ्या फेरीत जिंकेल, असं मी ठणकावून लिहिलं होतं, आणि कारण काय दिलं होतं, तर 'वजनाच्या जोरावर तो भारी पडेल.' ज्याला मी वजनदार ठरवलं तोच वजनात कमी पडला, असं मी स्वतःच्या हाताने लिहिलं असतं तर अख्ख्या पेठेने मला महिनाभर चहा पिऊ दिला नसता. माघार लिहिल्यावर दोष माझ्या अंदाजाचा राहिला नाही, त्याच्या छातीचा झाला.

हे कुणालाच सांगितलं नाही. मात्र एक प्रश्न डोक्यात राहिला. लग्नाच्या पंगतीत जिलब्या संपवणारा तो धिप्पाड माणूस त्या एका सकाळी हलका कसा भरला? त्याला विचारायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. म्हणून विचारलं नाही.

गेल्या श्रावणात एका सकाळी पोस्टमास्तरांनी ते नेहमीचं वाक्य टाकलं तेव्हा बेकरीवाला दुकानात होता. तो रोज पाव द्यायला मुलाबरोबर येतो, या विषयावर कधी बोलत नाही. त्या दिवशी जाता जाता म्हणाला, "पोस्टमास्तर, तो पळाला म्हणता तेव्हा मी काय जिंकलो ते पण सांगत जा." आणि गेला. कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वारज्याची बस पकडली.

दार त्याच्या सुनेने उघडलं. तो बाल्कनीत खुर्चीवर बसला होता. उजवा खांदा अजून तसाच, डाव्यापेक्षा वर.

"ये. दमलास? लिफ्ट आहे आमच्याकडे."

"लिफ्टनेच आलो."

"मग वयाने दमलास."

सून पाणी ठेवून आत गेली. मी म्हटलं, "एक विचारायचं होतं. फायनलच्या दिवशी तुझं वजन कमी कसं भरलं?"

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "वजनाचं तुला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी."

"बातमीच्या आधी?"

"हो."

"मी इतकी वर्षं धरून चाललो होतो," तो अगदी सावकाश म्हणाला, "की तुला कुणीतरी चुकीचं सांगितलं असणार."

शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं. मी त्याला सगळं सांगितलं, भविष्य, त्यातलं ते वजनाचं वाक्य, चहाच्या दुकानाची भीती. तो खाली रस्त्याकडे बघत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे तुझा अंदाज चुकला असं दिसू नये म्हणून."

"हो."

"चुकलाच की तरी."

चहा आला, गार व्हायला लागला. मला वाटलं, आता उठावं. पण माझी ती जुनी खोड, उठता उठता मी पुन्हा विचारलं, "पण कमी भरलं कसं?"

तो हसला. त्या दिवशी पहिल्यांदाच. "आदल्या दिवशी अंगारकी होती."

"म्हणून काय झालं? साबुदाण्याची खिचडी नव्हती घरात?"

"तेच तर. चारचौघांसारखा उपास केला असता तर वजन वाढलंच असतं. अख्खं पुणं उपासाला दुप्पट खातं. पण मी जिंकावं म्हणून आईने नवस बोलला होता, निर्जळी. चंद्र दिसल्याशिवाय पाणीसुद्धा नाही."

"चंद्रोदयाची वेळ असते ना कॅलेंडरात."

"कॅलेंडरात उगवला असेल. भर पावसाळा होता. आई गच्चीवर निरांजन घेऊन उभी, मी तिच्या मागे, वर नुसते ढग. तिला म्हटलं, वेळ झाली. ती म्हणाली, कॅलेंडरला ओवाळू का? तसाच झोपलो, तसाच सकाळी काट्यावर गेलो. एरवीही मी रेषेच्या जरासाच वर असायचो. नंतर केळी खाल्ली, नळाला तोंड लावून पाणी प्यायलो. तोवर वजनाची वेळ संपली होती."

"हे कुणाला सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? आईच्या नवसाने मी बाद झालो म्हणून? ती होती ना ऐकायला. तिला वाटायचं, मी मार खाणार होतो, गणपतीने वाचवलं. शेवटपर्यंत तसंच वाटायचं. ती गेली तोवर तुझा शब्द पक्का झाला होता."

मी म्हटलं, "मी लिहितो आता. जसं घडलं तसं."

"लिही. पण आधी तिथे सांग. जिथे बसून रोज मला हरवता तिथे."

तेही मी केलं. चहाच्या दुकानात, पोस्टमास्तर आणि घड्याळजींसमोर, बेकरीवाला पाव देत असताना. उभ्यानेच सांगितलं, कारण बसलो असतो तर गुळमुळीत झालो असतो. पोस्टमास्तरांनी आधी विश्वासच ठेवला नाही. "हेवीवेट, आणि वजन कमी? पेपरवाले, थाप मारायची तर जड तरी मारा." पण माझं तोंड बघून त्यांनी ग्लास खाली ठेवला. घड्याळजी नुसते "अरेरे, अरेरे" करत राहिले.

बेकरीवाल्याने हातातली पावाची लादी खाली ठेवली. "म्हणजे तो काट्यावर उभा राहिला होता?"

"राहिला होता."

"वजन भरलं असतं तर रिंगमध्ये आला असता?"

"आला असता."

तो बाकावर बसला. "माझं वजन कॅम्पातल्या एका दवाखान्यात झालं होतं, मी तिकडे सरावाला जायचो म्हणून. मी पण तुमच्या पेपरातच वाचलं." मग त्याने दोन बोटांनी बाकावर वाजवून दाखवलं: दोन हलके, एक जड. दोन हलके, एक जड. "हे त्याचे ठोके. आमच्या भट्टीपर्यंत ऐकू यायचे. जड ठोक्याच्या आधी जरासा थांबायचा. त्या थांबण्यात माझा डावा बसणार होता. मैदा मळता मळता सराव केला मी. ढाल मिळाली, पण तो डावा तसाच राहिला. कुणी विचारलंच नाही."

इतक्या वर्षांत मी त्याच्या लढतीचं भविष्य अनेकदा सांगितलं, आणि त्याने काय ठरवलं होतं हे एकदाही विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तांबट आला. मुलाने गाडीने आणून सोडलं. पोस्टमास्तरांनी स्वतःचा ग्लास उगाच विसळायला दिला. बेकरीवाला उठून उभा राहिला आणि त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाला, "काय रे, वजन केलंस का?"

"जेवून आलोय," तांबट म्हणाला.

बेकरीवाल्याने सरकून जागा दिली. चहा येईपर्यंत दोघं अवघडून बसले होते. मग बेकरीवाल्याने बाकावर ते ठोके वाजवले आणि आपला डावा कुठे येणार होता ते सांगितलं. तांबटाने नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. "ते भांड्यासाठी. रिंगमध्ये मी पहिलाच जड मारणार होतो."

"पहिलाच?"

"पहिलाच. आळीत राहून तू ते ऐकत असशील, हे मला कळत नव्हतं का?"

बेकरीवाला विचारात पडला. हात छातीशी घेऊन त्याने तो पहिला जड ठोसा अडवता येतो का बघितलं. तांबट म्हणाला, कोपर खाली. कुणाचा हात कुठे पोहोचला असता ते स्पष्ट दिसत होतं.

घड्याळजी न राहवून माझ्याकडे वळले. "मग पेपरवाले? आता बोला. कोण जिंकला असता?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात तांबट म्हणाला, "त्याला विचारू नका. त्याचं वजन भरत नाही."