आखूड नळीचं फूल

रविवारी सकाळी राऊ गावातल्या आमच्या घरात पोह्यांचा वास असतो. त्या रविवारी मात्र चहाच्या पातेल्यात नुसतं पाणी उकळत होतं आणि त्यात एक वाळलेलं फूल पडायचं होतं. मी उपाशीपोटी, तोंड वाकडं करून ओट्याशी उभा होतो.

बायको कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. नोकरी सांभाळून तिनं पीएचडी संपवत आणली होती आणि दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा होती. प्रबंधाचा सगळा डोलारा एकाच दाव्यावर उभा होता: हिमाचलातल्या एका उतारावर रानटी आयरिसच्या दोन जाती शेजारीशेजारी उगवतात. दोन्ही जांभळ्या, दोन्हींवर गडद डाग, दोन्हींच्या खालच्या पाकळ्यांवर केसाळ दाढी. मला विचाराल तर एकाच आईची लेकरं. तिच्या मते खरा फरक पाकळ्यांखालच्या नळीत. एकीत ती बोटभर लांब, दुसरीत जेमतेम पेरभर.

लांब नळीची फुलं तिच्याकडे ढीगभर होती. आखूड नळीचं म्हणून कागदावर चिकटवलेलं एकच. तेही देठ उंच आहे एवढ्यावरून ओळखलेलं, कारण नळी बाहेरच्या आवरणात दडलेली होती. शेवटची उजळणी करताना तिच्या मनात आलं की फूल कोमेजताना देठ वाढलाही असेल, म्हणजे हेही लांब नळीचंच असेल. खात्री करायची तर फूल गरम पाण्यात मऊ करून उकलायचं, आणि एकदा उकललं की ते गेलं.

मी माझी अक्कल पाजळली. परीक्षक काही फूल फाडून बघणार नाहीत, उद्याचा दिवस पार पडू दे, मग काय ते कर, असं म्हणालो. मी नाशिकचा, ती इथलीच, हिंदी मुलखातली. चिडली की तिचं मराठी हिंदीत घसरतं.

"आणि परवा वर्गात मुलांना काय सांगू? खोलके मत देखो, बस मान लो?"

मला राग आला. त्या उतारावर तिच्या मागे मीही धापा टाकल्या होत्या.

फूल पाण्यात गेलं आणि पाणी मळकट झालं. तिनं ते चिमट्यानं ताटलीत काढलं, ब्लेडनं आवरण चिरलं. मग ब्लेड खाली ठेवलं. ताटली आणि पट्टी माझ्यापुढे सरकवून ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"तू बघ. मुझसे नहीं होगा."

मी पट्टी लावली. कुठला आकडा तिला वाचवेल ते मला चांगलं ठाऊक होतं. अडीच म्हणायचं, ताटली सिंकमध्ये पालथी करायची, संपलं. तिच्या पाठीकडे बघवत नव्हतं.

"सहा," मी म्हणालो. "सहाच्या थोडं वरच."

तिनं तिथूनच मार्गदर्शकांना फोन लावला. एका जातीची ओळख चुकली आहे, नळी सहा सेंटीमीटर भरली, परीक्षा पुढे ढकलावी लागेल, असं तिनं सरळ सांगून टाकलं. नक्की का, स्वतः पाहिलंत का, असं तिकडून विचारलं असावं.

"पक्कं आहे सर," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं मोजलंय."

खिडकीकडे वळल्यापासून ताटलीकडे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.