बेकरीवाल्यावर घेतलेला आळ

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते शाळेतल्या मराठीच्या बाईंचे. कॉलेजचा फॉर्म कसा भरतात, हे राहुरीकडच्या आमच्या गावात माझ्या घरी कोणालाच ठाऊक नव्हतं. बाईंनी तो भरला आणि एसटीत शेजारी बसवून मला नगरला नेलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्यांच्यामुळे. "त्या बाईंनी लई केलं आपलं," असं आई अजून म्हणते.

निवृत्तीनंतर बाई नगरला एकट्या राहतात. मागच्या डिसेंबरात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्याला आधीपासूनच नुसता उजेड कळायचा. महिनाभर वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नागापूरच्या कारखान्यातली पहिली पाळी सुटली की मी त्यांच्याकडे जायचो आणि वाचायचो. त्यांच्या मुलाचे मोबाईलवरचे निरोप, पेन्शनचं पत्र, डॉक्टरांचे कागद वाचून झाले की शेवटी गोष्ट.

बाईंना नाताळात भीतीचीच गोष्ट लागते. "गोड तर सगळेच खातात रे. अंगावर काटाही यायला हवा." त्या वर्षीची कादंबरी छोटीशी होती. डोंगरातलं एक गाव, सतत पडणारं बर्फ. नाताळच्या आठवड्यात रोज एका घराच्या उंबऱ्यावर फराळाचं ताट येतं आणि त्या घरातलं कोणीतरी सकाळी उठत नाही. ताटं गावाच्या कुलूपबंद घंटाघरातून येतात, एवढंच कळतं. मी वाचायचो, बाई डोळ्यांवर हिरवी पट्टी लावून ऐकायच्या. बाहेर चर्चमधून गाण्यांचा सराव ऐकू यायचा. खिडकीतलं ऊन इतकं मऊ असायचं की मला मधूनच वाटायचं, आता नगरमध्येही बर्फ पडेल आणि कोणाला त्याचं नवल वाटणार नाही.

नाताळच्या दोन दिवस आधी बाईंनी मला नानखटाई भाजून आणायला पाठवलं. आमच्याकडे तूप, पिठीसाखर, मैदा, रवा घरून न्यायचा आणि बेकरीच्या भट्टीत नानखटाई भाजून घ्यायची. आपली नानखटाई दुसऱ्याच्या डब्यात जाऊ नये म्हणून तिथेच बसून राहायचं. या खेपेला बाईंनी पिठासोबत कोकोही दिला होता. "असल्या काळ्या गोष्टीला पांढरी नानखटाई शोभणार नाही."

बेकरीवाला पिठात बोट घालून म्हणाला, "बाईंनी काळी सांगितलीय व्हय? मग उद्या करपली म्हणून आमच्या नावानं ओरडू नका!"

"करपली तरी कळणार कसं?"

"चव घेतल्यावर कळंल की! बाईंची जीभ लई तिखट हाय."

माझी तबकं भट्टीत जायला वेळ होता. हवेत मैद्याची पांढरी धूळ तरंगत होती, तुपाचा आणि जायफळाचा वास डोक्यात भरत होता. मी पिशवीतलं पुस्तक काढून पुढचं वाचायला लागलो. बर्फ आणि मैदा एकमेकांत मिसळून गेले. त्या धुंदीतच शेवटची पानं आली आणि मी भानावर आलो. ताटं पाठवणारी होती गावातली निवृत्त शिक्षिका. एकटी राहणारी, सगळ्यांची लाडकी.

हे मी बाईंपुढे कसं वाचणार होतो? ज्यांच्यासमोर अजून पाय पसरून बसत नाही, त्यांच्या तोंडावर "बाईंनीच मारलं" असं म्हणायचं? त्या संध्याकाळी नानखटाईचा डबा मध्ये ठेवून मी शेवट वाचला आणि वाचता वाचता सगळा दोष गोष्टीतल्या बेकरीवाल्यावर ढकलला.

बाईंनी चावणं थांबवलं. "घंटाघराची किल्ली त्याला कोणी दिली?"

"चोरली असेल, बाई."

"असेल? पुस्तकात काय आहे?"

"तेच... चोरली म्हणून."

त्यांनी हातातली नानखटाई खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "परवा डॉक्टरांचा कागद वाचलास. डोळा सुधारतोय असं त्यात होतं ना रे? की तेही तुला बरं वाटलं म्हणून?"

मी "खरंच होतं, बाई," म्हणालो. पण माझ्या "खरंच"ला आता काय वजन होतं? रस्त्यानं चालताना आजूबाजूचे कागदी तारे पाण्याखाली असल्यासारखे हलत होते. घरी जाऊन मी पत्र लिहिलं आणि सकाळी त्यांच्या शेजारच्या काकूंच्या हातात दिलं.

"आदरणीय बाई,
सा. न.

हे पत्र काकू वाचून दाखवतील. मी वाचणार नाही, मुद्दामच. काल मी शेवट बदलला. किल्ली शिक्षिकेकडेच होती आणि ताटंही तिनंच पाठवली. तुमच्यासमोर ते उच्चारायला जीभ रेटली नाही. मला तो आदर वाटला. तुम्ही माझ्या डोळ्यांनी बघत होतात, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

पुस्तक सोबत आहे. शेवटची पानं काकूंकडून ऐका. डॉक्टरांचा कागद टेबलाच्या खणात आहे, तोही त्यांच्याकडून पुन्हा वाचून घ्या. मी होतं तसंच वाचलं होतं, पण माझ्या शब्दावर विसंबू नका. मुलाचे निरोपही पहिल्यापासून तपासून घ्या.

ते झाल्यावर मला बोलवावंसं वाटलं तर काकूंना फोन करायला सांगा. तोवर मी येणार नाही.

तुमचा विद्यार्थी"