बहरीनला जाणारी पुठ

बड्याचं मटण माझ्या सासऱ्यांइतकं ओळखणारा माणूस खाडीच्या अलीकडे नव्हता, आणि पलीकडची अख्खी मुंबई पालथी घातली असती तरी सापडला नसता. हे मत मूळ त्यांचंच. पण दर महिन्याला त्यांच्या मागून पिशव्या धरून भायखळ्याच्या बाजारात जाता जाता ते माझंही होऊन गेलं. पप्पा वसईकडचे ख्रिस्ती. उमेदीची सगळी वर्षं मालवाहू जहाजांवर रांधण्यात गेली, आणि सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा वाशीच्या नव्या वसाहतीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन ते कायमचे जमिनीवर उतरले. सासूबाई आधीच गेलेल्या. मुलगा, म्हणजे माझा मेव्हणा, बहरीनला नोकरीला. मुलगी माझ्या गळ्यात, आणि मुलीबरोबर पप्पाही. आम्ही दोन इमारती सोडून राहायचो.

जहाजावरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. सोसायटीच्या पहिल्याच सभेत पप्पांनी उभं राहून "आमी भंडारी" एवढीच आपली ओळख करून दिली, तर तळमजल्यावरचे रत्नागिरीचे एक गृहस्थ भारावून पुढे आले. "अहो, आम्हीपण भंडारीच!" पप्पांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि विचारलं, "कंच्या जहाजावर?" हा घोळ वर्षभर कुणी निस्तरला नाही. पुढे त्या गृहस्थांनी ज्ञातीच्या मेळाव्याचं आमंत्रण दिलं, पप्पा कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेले, पोटभर जेवले आणि घरी येऊन म्हणाले, "मानसं चांगली हायत. डाळीत मीठ कमी होतं."

मिठावर त्यांचं सगळं आयुष्य उभं होतं. मी नगरकडचा. आमच्याकडे बड्याचं मटण म्हणजे लालभडक रस्सा, वर बोटभर तर्री आणि खाली चुरलेली भाकरी. लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर ताटात थंडगार, गुलाबी, कागदासारखे पातळ काप! ह्याला कॉर्न बीफ म्हणतात, असं मला सांगण्यात आलं. आपल्यालाही चार इंग्रजी शब्द कळतात हे दाखवायची खुमखुमी होती, म्हणून मी विचारलं, "वा! पण ह्याच्यात मका कुठाय?" पप्पांनी सुरी खाली ठेवली. मुलीकडे पाहिलं. ही जमिनीकडे पाहत होती. "मका?" ते म्हणाले, "अवो जावई, कॉर्न म्हणजे दाना. मिठाचा दाना! खडं मीठ!" लग्न मोडता मोडता राहिलं, असं ही अजून सांगते.

तो दाणाही ऐरागैरा चालायचा नाही. तेव्हा खाडीकाठी मिठागरं होती आणि तिकडची एक आगरी बाई डोक्यावर पाटी घेऊन मीठ विकायला यायची. पप्पा तिला दारात बसवून पाटीतला एकेक खडा जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे, मान हलवायचे आणि दुसरा उचलायचे. शेवटी ती करवादायची, "ओ बाबा, मीठ हाय ह्यो, पेढं नाय!" मग ते मीठ, मांस गुलाबी राहावं म्हणून चिमूटभर सोरा, गुळाचा खडा, भरडलेली मिरी आणि दहा-बारा लिंबांचा रस. मांसाला काट्यानं सगळीकडून टोचायचं, हे सगळं रगडून चोळायचं, चिनी मातीच्या उंच बरणीत दडपायचं आणि वर पाट्याचा दगड. दहा दिवस रोज सकाळी हात धुऊन ते मांस उलटायचं. उलटताना पप्पा त्याच्याशी बोलत. "काय, कसं काय? पानी सुटलं का?" एवढ्या मायेनं ते माझ्याशी बोलल्याचं मला आठवत नाही.

बरणी असायची बाल्कनीत, आणि शेजारच्या बाल्कनीत असायच्या एक काकू. पक्क्या शाकाहारी. बरणी, फडकं, दगड हे पाहून आत लोणचं आहे असं त्यांनी अर्थातच धरलं. एकदा म्हणाल्या, "एवढं जपता, एखादी फोड आम्हालाही द्या की!" पप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगावं तर काकू घर विकून जातील आणि नाही म्हणावं तर माणुसकी कुठे राहिली? ते तडक बाजारात गेले, कैरीचं लोणचं विकत घेतलं, बाटलीवरचा कागद भिजवून खरवडून काढला आणि स्वतःच्या हातानं केलेलं म्हणून काकूंना नेऊन दिलं. काकूंना ते इतकं आवडलं की पुढे दर उन्हाळ्यात त्या वाटी घेऊन हजर. पप्पांना दरवर्षी ते लोणचं आणावं लागे आणि दरवर्षी त्याची कृतीही सांगावी लागे. ती दर खेपेला वेगळी असायची.

बाजारात मात्र त्यांचा रुबाब पाहावा. खाटीक त्यांना कप्तान म्हणायचा. "आओ कप्तान, आज क्या दूँ?" कप्तान आधी काहीच घ्यायचे नाहीत. हात मागे बांधून टांगलेल्या मांसाभोवती एक फेरी मारायचे. बोटानं दाबून पाहायचे, वास घ्यायचे, मग मला शिकवायचे. सीना म्हणजे छातीचा भाग, मांस-चरबी-मांस असे थर. कितीही शिजवा, माफ करतो. पुठ म्हणजे मांडीचा मागचा भाग, सगळा लाल, एका कडेला तेवढी चरबीची पट्टी. मोठ्या आचेवर ठेवली की चामडं होते, तिला चार तास मंद उकळत ठेवायची. जीभ नाताळला; उकडल्यावर गरम असतानाच सोलायची, थंड झाली की साल हट्टाला पेटते. "आनि कापायचं कसं? रेषेच्या आडवं. मांसाला रेषा असते, कापडाला असते तशी." मी एकदा रेषेच्या बाजूनं कापलं, तर त्यांनी तो काप उचलून खिडकीतल्या कावळ्याला दिला. कावळ्यानं खाल्ला, हे मी नम्रपणे त्यांच्या नजरेला आणून दिलं. त्यावर त्यांनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली.

घरी खायला सीना, आणि बहरीनला पुठ. ह्यात कधी बदल नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "परवासात चरबी खवट व्हते." मला पटलं. पुठ खारवून, उकडून, दगडाखाली दाबून, लोणीकागदात आणि मग पत्र्याच्या डब्यात बंद व्हायची. डब्यावर त्यांनी इंग्रजीत रंगवलेलं असे, 'बीफ. नो पिग.' तिकडच्या कस्टमवाल्यांचा गैरसमज नको. मग सुरू व्हायचा जाणाऱ्याचा शोध. त्या काळात वाशीपासून पनवेलपर्यंत कुणा ना कुणाचा व्हिसा आलेला असायचाच. पप्पांना त्याची बातमी त्याच्या बायकोच्या आधी लागायची. नावड्याचा एक वेल्डर कुवेतला निघाला होता. पप्पा सकाळीच डबा घेऊन त्याच्या दारात. तो बिचारा म्हणाला, "बाबा, मी कुवेतला जातोय, बहरीनला नाय." पप्पा म्हणाले, "मंग? शेजारीच हाय की. जाता जाता द्याचं." ज्या माणसानं साऱ्या समुद्रांचं पाणी पाहिलं होतं, तो हे बोलत होता! डबा गेला. पोचला की नाही कुणास ठाऊक.

पोचल्याचं कळणार कसं? मुलाचं पत्रच येत नव्हतं. पहिली दोन वर्षं महिन्याला एक, मग ईस्टर-नाताळला, मग तेही नाही. जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि एकदाही तो घरी आला नव्हता. पप्पा त्याच्याबद्दल अवाक्षर वाईट बोलत नसत. त्यांनी सगळा दोष वाशी आणि वसई ह्या दोन गावांच्या नावांवर टाकला होता. "पत्र वसईला जात असनार. टपालवाल्यांना वाशी-वसई एकच वाटतं." एवढ्यावर न थांबता ते दर दोन महिन्यांनी बस, गाडी, पुन्हा बस करत वसईला जाऊन चौकशी करून येत. रिकाम्या हातानं परतले की म्हणत, "आज नवीन क्लार्क होता, त्याला काय म्हाईत नाय." मला राग यायचा. म्हाताऱ्याचा नव्हे, त्या मेव्हण्याचा.

आणि एक दिवस मीच जाणारा झालो. रबाळ्याच्या आमच्या कारखान्यानं बहरीनला एक यंत्र पाठवलं होतं, ते बसवायला तीन आठवड्यांसाठी मला धाडायचं ठरलं. पप्पांचा आनंद काय वर्णावा! कुवेतचा नाही, शेजारचा नाही, घरचा माणूस! त्या खेपेला त्यांनी बाजारात चार फेऱ्या मारल्या, तीन पुठी नापास केल्या आणि खाटीक शेवटी हात जोडून म्हणाला, "कप्तान, जानवर मर चुका है, अब और क्या करूँ?"

मेव्हणा मला कामगारांच्या वस्तीत भेटला. केस विरळ झालेले, शर्ट ढगळ. मी चार खरमरीत वाक्यं पाठ करून गेलो होतो. त्यानं डबा दोन्ही हातांनी घेतला, वरची रंगवलेली अक्षरं पाहून हसला, आणि न उघडताच मेसमधल्या पोरांकडे देऊन टाकला. माझं डोकंच फिरलं. "अरे, दहा दिवस राबून केलंय म्हाताऱ्यानं!" तो म्हणाला, "भाऊजी, सगळे डबे मिळतात मला. कुवेतचापण मिळाला. पहिल्या वर्षी खाल्लं मी. खाल्लं की घशाशी येतं सगळं. घर, पप्पा, ते मांसाशी बोलणं. दोन-दोन दिवस कामावर जाववत नाही. तीनदा येतो म्हणून लिहिलं, तीनदा रजा रद्द झाली. आता लिहायचीच लाज वाटते." मग माझा दंड धरून म्हणाला, "पप्पांना हे नका सांगू. खाल्लं म्हणा." पाठ केलेली वाक्यं मी तशीच गिळली.

परत आलो तर पप्पा आमच्या इमारतीच्या पायऱ्यांवरच बसलेले. बॅगही खाली ठेवू दिली नाही. "खाल्लं?" "खाल्लं म्हणजे? तुटून पडला!" "आदी कंचा तुकडा उचलला?" हा प्रश्न माझ्या हिशेबात नव्हता. कुठलाही खवय्या काय करेल असा विचार करून मी ठोकून दिलं, "चरबीकडचा." पप्पा माझ्याकडे बघत राहिले. "चरबीकडचा?" "हो, पप्पा. माझ्या डोळ्यांदेखत." त्यांनी मान हलवली आणि माझी बॅग स्वतः उचलून वर नेली. घरात शिरल्याबरोबर हिनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "अहो, काय बोललात हे? दादा लहानपणापासून चरबीला हात लावत नाही! ताटाच्या कडेला काढून ठेवायचा, पप्पा ती उचलून खायचे. म्हणून तर त्याला पुठ पाठवतात!" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पुढच्या रविवारी आम्ही बाजारात गेलो. खाटकानं सवयीनं पुठ पुढे केली. पप्पा म्हणाले, "ती नको. सीना दे. चरबीवाला." खाटीक चकित. "बहरीन के लिए? खराब हो जाएगा, कप्तान." "बरफात घालून देऊ. पोरगा आता चरबी खातो. ह्यान्नी बघितलं, आमच्या जावयान्नी." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मानसाची आवड बदलते. आपल्याला इथं बसून कसं कळनार? बरं झालं, तुमी सांगितलं." चेहरा असा उजळला होता की मी फक्त पिशवीचं तोंड उघडून धरलं.

त्यानंतर बहरीनला पाच वर्षं सीनाच गेला. माझं खोटं त्यांनी ओळखलं होतं का, हे मला आजवर कळलेलं नाही. मेव्हणा आला तो त्यांच्या मातीनंतर चौथ्या दिवशी. त्यालाही मी ह्यातलं काही बोललो नाही. पण मला राहून राहून वाटतं, त्या पायऱ्यांवरच खरं सांगून टाकायला काय झालं होतं मला? 'पप्पा, तो खात नाही. खाल्लं की त्याला उठून तुमच्याकडे पळत यावंसं वाटतं, आणि येता येत नाही, म्हणून खात नाही.' म्हातारा रडला असता, आठवडाभर बरणीला शिवला नसता. पण पत्रं थांबल्यापासून मुलाकडून त्यांच्यासाठी आलेला तेवढाच एक निरोप होता, आणि तो मी माझ्यापाशीच ठेवला.